समुद्रावरील धुके आणि मुंबईचा कोळी किनारा

पृष्ठभागालगतच्या हवेतील बाष्प सूक्ष्म जलकणांच्या रूपाने तरंगत राहून दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली आली, म्हणजे त्या स्थितीला हवामानशास्त्रात धुके म्हणतात. दृश्यमानता २०० मीटरांहून कमी झाल्यास धुके दाट आणि ५० मीटरांहून कमी झाल्यास अतिदाट मानले जाते. समुद्रावरचे धुके बहुधा उबदार, दमट हवा थंड पाण्यावरून वाहू लागली की तयार होते. न्यूफाउंडलंडजवळ लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह एकमेकांजवळ येतात, त्यामुळे तेथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिवसचे दिवस धुके हटत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर धुके क्वचित येते आणि काही तासांत विरते. परंतु ते रोजच्या सवयीचे नसल्यामुळेच लहान होड्यांना अधिक धोक्याचे ठरते.

मुंबईलगतच्या समुद्राचे पाणी ऐन थंडीतही साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे जलकण होऊ लागतात तो अंश, याहून बराच खाली राहत असल्याने पाण्याच्या स्पर्शाने हवा थंड होऊन बाष्पाचे जलकण होण्याचा प्रसंग सहसा येत नाही. याच अरबी समुद्राच्या पश्चिमेकडील काठावर, ओमानच्या धोफार भागात, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे थंड पाणी वर येते आणि सलालाहच्या परिसरातील डोंगर पावसाळाभर धुके व रिमझिम पावसाने झाकलेले असतात. समुद्र एकच असला तरी धुके पडणे न पडणे किनाऱ्याजवळच्या पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. मुंबईत पावसाळ्यात दिसेनासे होते ते धुक्यामुळे नव्हे, तर पावसाच्या सरींमुळे.

मुंबईचे धुके मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातले असते आणि त्याचा उगम बहुतेक वेळा जमिनीवर होतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरच्या तुलनेने उबदार हवेखाली अडकून पडते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे ही थंड हवा ठाण्याच्या, मनोरीच्या व मालाडच्या खाडीतून हळूहळू बाहेर नेतात. खाडीचे पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने त्यावरून उठणारी वाफ तीत मिसळते आणि पाण्यावर पांढरा थर साचतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापू लागते आणि खारे वारे सुरू झाले की हा थर फाटतो. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुटले, तर सकाळ बरीच लांबते.

या थरात पाणी किती आणि धूर किती, हे डोळ्यांना कळत नाही. समुद्राच्या मिठाचे कण हवेतील ओलावा शोषून घेतात, त्यांत वाहनांचा व कारखान्यांचा धूर आणि बांधकामांची धूळ मिसळते. जलकण जमण्यासाठी जितके अधिक कण मिळतात तितके जलकण बारीक व संख्येने जास्त होतात, आणि तेवढेच पाणी अधिक अपारदर्शक ठरते. दादर चौपाटीवरून वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसेनासा झाला की शहरात धुके पडल्याचे बोलले जाते. प्रत्यक्षात ते पुष्कळदा धुरके असते आणि हवा कोरडी असतानाही टिकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामांच्या जागी उंच पत्रे लावणे, पाणी फवारणे, राडारोडा झाकून नेणे यांविषयी नियम घालून दिले, ते आरोग्यासाठी होते. समुद्रावरच्या दृश्यमानतेशीही त्यांचा संबंध आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

वर्सोवा, मढ, भाटी, मनोरी आणि गोराई येथील कोळी धुके पाहून घरी थांबू शकत नाहीत, याचे कारण त्यांच्या मासेमारीच्या पद्धतीत आहे. या भागात डोल जाळ्याने मासेमारी चालते. डोल हे पिशवीसारखे लांबलचक जाळे समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात शिरतात. पाणी जोरात वाहत असेपर्यंत जाळे ताणलेले राहते. पाणी थांबते त्या थोड्या वेळात, म्हणजे भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी किंवा ओहोटी संपून भरती लागण्यापूर्वी, ते उचलावे लागते. ही वेळ चंद्र ठरवतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी तळाला जाऊन थांबते ते पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास. भांगापेक्षा, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीपेक्षा, उधाणाच्या दिवसांत प्रवाहाला जोर असल्याने डोलीत मासळी अधिक लागते, आणि हिवाळ्यात पहाटेचा हाच प्रहर धुके दाट होण्याचाही असतो. कामाची वेळ आणि धुक्याची वेळ अशी एकमेकींवर येते.

दिसेनासे झाल्यावर प्रवाह हीच खुणेची गोष्ट उरते. खुंटाला किंवा नांगराला बांधलेली होडी वाहत्या पाण्याबरोबर वळते. तिथी आणि वेळ डोक्यात असलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, तिच्या तोंडावरून पाणी कोणीकडे चालले आहे, आणि म्हणून खाडीचे मुख कोणत्या अंगाला आहे, हे सांगता येते. आता जीपीएस जवळपास प्रत्येक यांत्रिक नौकेवर असते आणि त्याने बंदराची वाट सापडते. समोरून येणारी दुसरी नौका मात्र त्यात दिसत नाही. म्हणून इंजिन बंद करून काही क्षण कान देणे ही जुनी रीत आजही उपयोगाची आहे. तरीही आवाजावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७३ मध्ये इंग्लंडच्या साऊथ फोरलँड येथे केलेल्या प्रयोगांतून दिसले, की भोंग्याचा आवाज धुक्याने फारसा अडत नाही, परंतु हवेच्या निरनिराळ्या तापमानांच्या थरांमुळे तो निरभ्र दिवशीही मध्येच हरवू शकतो. दीपस्तंभांची मर्यादा याहून उघड आहे. खांदेरी बेटावरचा १८६७ मधील आणि कुलाब्याच्या दक्षिण टोकापलीकडील प्रोंग्ज खडकावरचा १८७५ मधील दीपस्तंभ स्वच्छ रात्री दुरून दिसतात, पण दाट धुक्यात कितीही प्रखर दिव्याचा प्रकाश जलकणांवरच विखुरतो.

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून अमलात आले. त्यांनुसार धुक्यात चालत्या यांत्रिक नौकेने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा असतो, आणि लांब भोंगा म्हणजे चार ते सहा सेकंदांचा. मासेमारी करणाऱ्या नौकेने एक लांब व त्यापाठोपाठ दोन आखूड भोंगे द्यायचे, तर नांगरलेल्या नौकेने दर मिनिटाला सुमारे पाच सेकंद घंटा वाजवायची. बारा मीटरांहून लहान नौकांना हे ठरावीक संकेत बंधनकारक नाहीत. मात्र दोन मिनिटांच्या आत दुसरा कोणताही परिणामकारक आवाज करणे त्यांनाही भाग आहे, आणि लहान होडीवर हे काम साधी घंटा किंवा हातभोंगाही करू शकतो. लाकडी किंवा फायबरची होडी रडारच्या लहरी फारच क्षीण परावर्तित करते. मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांच्याकडे जाणाऱ्या अजस्र जहाजांच्या पडद्यावर ती लाटांच्या ठिपक्यांत हरवू शकते, आणि अशा जहाजाला थांबायला किलोमीटरहून अधिक अंतर लागते. डोलकाठीवर उंच बांधलेला पत्र्यांचा त्रिमितीय परावर्तक हा यावरचा स्वस्त उपाय असून तो प्रत्येक होडीवर असायला हवा.

यंत्र असूनही वेग आवरला नाही तर काय होते, याचे बोलके उदाहरण २५ जुलै १९५६ च्या रात्री घडले. अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ ‘आंद्रेया दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही जहाजे धुक्याच्या पट्ट्यात एकमेकांवर आदळली. दोन्ही जहाजांवर रडार चालू होते आणि दोघांनीही एकमेकांना पडद्यावर पाहिले होते, तरी ५१ माणसे दगावली. आपला वेग दिसणाऱ्या अंतराशी बेताचा ठेवणे, हा नियमांतला गाभ्याचा भाग आहे.

भाऊचा धक्का ते मोरा व रेवस, गेटवे ते मांडवा व घारापुरी, वर्सोवा ते मढ आणि मार्वे ते मनोरी या जलवाहतुकीवरही धुक्याचा परिणाम होतो. फेऱ्या उशिरा सुटल्या की नोकरदारांबरोबर मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या कोळणींचाही खोळंबा होतो.

किनाऱ्यावर धुक्याचा सर्वांत मोठा फटका सुक्या मासळीला बसतो. ताजे बोंबील जोडीने एकमेकांच्या जबड्यांत अडकवून बांबूंच्या वलांडीवर टांगले जातात. ते सहसा मीठ न लावता, केवळ ऊन आणि वाऱ्यावर वाळवले जात असल्याने हवेतील ओलाव्याचा परिणाम त्यांच्यावर लगेच होतो. दिवसभरात सुकलेला मासा दमट रात्रीत पुन्हा ओल धरतो आणि वाळवणीचे दिवस वाढतात. जमिनीवर पसरलेल्या जवळ्याची स्थिती आणखी वाईट असते, कारण त्याला खालूनही ओल लागते. म्हणून संध्याकाळी तो गोळा करून ताडपत्रीखाली झाकतात आणि दव उडून गेल्यावरच पुन्हा पसरतात. ओल राहिलेल्या मालाचा रंग काळवंडतो, त्याला बुरशी येते, आणि मग बाजारात जाण्याऐवजी तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी किंवा खतासाठी पडेल भावाने विकावा लागतो.