टेलिफोनच्या घंटीची बैठक : खडखड व कंपन कमी करण्याचे तंत्र

टेलिफोनच्या यांत्रिक घंटीत दोन धातूच्या वाट्या असतात आणि त्यांच्यामध्ये हलणारी एक छोटी हातोडी असते. आवाज फक्त वाट्यांनी करायचा असतो. घंटीचा सांगाडा, त्याखालचा पत्रा, बाहेरचे कवच, क्रेडलवरचा (रिसीव्हर ठेवण्याच्या खाचेवरचा) रिसीव्हर आणि फोन ठेवलेले टेबल या सगळ्यांनी गप्प राहायचे असते. ही विभागणी साधण्यासाठी घंटी बसवताना ज्या योजना करतात त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. रबरी बुश (पत्र्याच्या भोकात बसणारी कॉलरची नळी), वॉशर, स्क्रूंच्या जागा, वाटी व हातोडी यांमधले अंतर, पत्रा आणि कवच यांचा सांधा अशा बारीक गोष्टींचा त्यात समावेश होतो. घंटी चांगली की वाईट हे लोक वाट्यांच्या नादावरून ठरवत असले, तरी बहुतेक ‘बिघडलेल्या’ घंट्यांमध्ये वाट्या उत्तम स्थितीत असतात आणि दोष बैठकीत असतो.

घंटीचे चालणे

ग्रॅहॅम बेल यांचे सहकारी टॉमस वॉटसन यांनी १८७८ च्या सुमारास ध्रुवित घंटी तयार केली. तिचे मूळ तत्त्व पुढे शंभर वर्षे जवळजवळ तसेच राहिले. तीत एक कायम लोहचुंबक, तारेच्या दोन कॉइल आणि मधोमध तोललेले लोखंडी आर्मेचर, म्हणजे चुंबकाच्या ओढीने डोलणारा तुकडा, असतो. आर्मेचरला जोडलेल्या तारेच्या टोकाशी हातोडीची गोळी असते. एक्स्चेंजकडून प्रत्यावर्ती प्रवाह आला की आर्मेचर आळीपाळीने दोन्ही बाजूंना कलते. भारतात या प्रवाहासाठी सुमारे ७५ व्होल्ट आणि २५ हर्ट्झ हे प्रमाण राहिले, तर अमेरिकेत साधारण ९० व्होल्ट आणि २० हर्ट्झ. प्रत्येक आवर्तनात हातोडी दोन्ही वाट्यांवर एकेकदा आदळते, म्हणजे २५ हर्ट्झला सेकंदाला ५० टोले पडतात.

टोला कसा पडतो हे समजल्याशिवाय बैठकीचा विचार करता येत नाही. आर्मेचर आपल्या हालचालीच्या शेवटाला पोचून थांबते तेव्हा गोळी वाटीला टेकलेली नसते. दोघींत थोडी फट उरलेली असते. आर्मेचर थांबले तरी गोळी वेगात असते, त्यामुळे लवचिक तार वाकते, गोळी पुढे जाऊन वाटीला क्षणभर शिवते आणि तारेच्या ताणाने लगेच मागे येते. वाटी मोकळी राहते आणि वाजत राहते. फट फार कमी ठेवली तर गोळी वाटीला चिकटून राहते, नाद तिथेच मरतो आणि ठक् असा कोरडा आवाज येतो. फट जास्त झाली तर टोला हलका पडतो आणि आर्मेचरची टकटक वाटीच्या नादाहून ठळक ऐकू येते. ही फट जुळवण्यासाठी वाटीचे भोक मुद्दाम किंचित केंद्राबाहेर पाडलेले असते. स्क्रू सैल करून वाटी फिरवली की तिची कड गोळीच्या जवळ येते किंवा लांब जाते. इतक्या साध्या युक्तीने इतके नाजूक काम साधणारे भाग यंत्रांत फार थोडे सापडतात.

नको असलेला आवाज कुठून येतो

पहिला उगम आर्मेचरच. ते चुंबकाच्या ध्रुवावर आपटते तेव्हा लोखंडावर लोखंडाचा आवाज होतो. ते ध्रुवाला चिकटून बसू नये म्हणून मध्ये पितळेसारख्या अचुंबकी धातूचा पातळ तुकडा किंवा खुंटी ठेवतात. तिने आपटणेही थोडे मऊ होते. आर्मेचरच्या टेकूत ढिलाई आली की दर टोल्याला ते आडवेही हलते आणि खुळखुळते. कॉइलचे स्क्रू ढिले असतील तर गुणगुण येते.

दुसरा उगम सांगाड्यामार्फत पसरणारे कंपन. हातोडी एका बाजूला झेपावते तेव्हा सांगाड्याला तेवढाच झटका उलट दिशेने बसतो. हे झटके पत्र्यात उतरले की पत्रा, कवच, डायल आणि वायरींचे टर्मिनल यांतला जो भाग सैल असेल तो थरथरू लागतो. क्रेडलवरचा रिसीव्हर वजनाने नुसता टेकलेला असतो, त्यामुळे तो लवकर खडखडतो. टेबलाचा पातळ फळा तर ध्वनिफलकासारखा वागतो. त्याचे क्षेत्रफळ मोठे असल्याने हवा जास्त हलते आणि फोनच्या आत फारसे न जाणवणारे कंपन खोलीभर ऐकू येते. आपल्याकडे फोनखाली क्रोशाचा रुमाल घालण्याची पद्धत शोभेची असली तरी तिचा हा उपयोगही होत असे.

भारतात आणि ब्रिटनमध्ये घंटी ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग २ सेकंद गप्प असते. म्हणून आपल्याकडची घंटी जोडीने वाजायची. अमेरिकेत ती सलग २ सेकंद वाजून ४ सेकंद थांबे. जोडीच्या मधल्या ०.२ सेकंदात वाटीचा नाद विरत असतो आणि सैल भागांची कुरकुर त्याच फटीत उघडी पडते. बैठकीची पारख करायची तर कान या फटीकडे लावावा.

रबरी बैठकीचे गणित

सांगाडा आणि पत्रा यांच्यामध्ये रबर घातले की घंटी स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखी होते आणि तिला स्वतःची नैसर्गिक वारंवारता मिळते. या वारंवारतेच्या सुमारे १.४१ पटीच्या वरची कंपने खाली कमी प्रमाणात पोचतात. तिच्या जवळची कंपने उलट वाढून पोचतात. वजनाखाली रबर किती दबते यावरून ही वारंवारता ढोबळपणे काढता येते : रबर जितके मिलिमीटर दबते त्या आकड्याच्या वर्गमुळाने १५.८ या संख्येला भागायचे. रबर १ मिलिमीटर दबले तर सुमारे १६ हर्ट्झ, ०.१ मिलिमीटर दबले तर सुमारे ५० हर्ट्झ. हे सूत्र उभ्या हालचालीसाठी आहे. हातोडीचे झटके बहुधा आडवे असतात आणि आडव्या दिशेत रबराचा ताठरपणा वेगळा असतो, म्हणून या आकड्यांकडे अंदाज म्हणूनच पाहावे.

२५ हर्ट्झची मूळ हालचालही अडवायची असेल तर बैठक इतकी मऊ लागेल की घंटी कवचात डुलू लागेल, वाटी कवचाला घासेल आणि फोन उचलताना सगळेच हलेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हातोडीला टोला देण्यासाठी पाठीमागे काहीतरी घट्ट हवे असते. सांगाडा मोकळेपणाने मागे सरकला तर टोल्याचा जोर कमी होतो आणि घंटीच मंद वाजते. पण इतके मऊ करण्याची गरजही नसते. कानाला खुपणारी खडखड काही शे हर्ट्झच्या वर असते. बैठकीची वारंवारता ९० हर्ट्झ ठेवली, म्हणजे रबर जेमतेम ०.०३ मिलिमीटर दबले, तरी रबराचे अवमंदन (कंपन जिरवण्याचा गुण) न धरता केलेल्या हिशेबात ५०० हर्ट्झच्या कंपनाचा तिसावा भागच खाली उतरतो. अवमंदनामुळे आणि पत्रा स्वतः लवत असल्यामुळे प्रत्यक्षात एवढा फायदा मिळत नाही. तरीही ताठर, पातळ रबर पुरेसे असते हा निष्कर्ष टिकतो. नैसर्गिक वारंवारता २५ हर्ट्झच्या एखाद्या पटीवर नेमकी पडू नये एवढे पाहावे लागते. तिथे अनुनाद होऊन झटके वाढतात. रबराचे अवमंदन अशा वेळी उपयोगी पडते, आणि म्हणूनच पोलादी स्प्रिंगपेक्षा रबर इथे अधिक योग्य ठरते.

रबर घातले तरी स्क्रू धातूला धातूने जोडत असेल तर सगळे व्यर्थ जाते. म्हणून नुसता वॉशर न घालता बुश वापरतात. बुशची कॉलर पत्र्याच्या वर-खाली येते आणि मधली नळी स्क्रूला भोकाच्या कडेपासून वेगळे ठेवते. स्क्रूवर ठरावीक लांबीचा खांदा किंवा धातूची आतली नळी असते, कारण स्क्रू कितीही पिळला तरी रबर ठरलेल्यापेक्षा जास्त चेपले जाऊ नये. चेपून सपाट झालेले रबर जवळजवळ घन पदार्थासारखे वागते. घंटीच्या वायरीही सैल वळण देऊन न्याव्या लागतात. ताणलेली जाड वायर कंपन पलीकडे नेण्याचे काम चोख करते.

वाटी कशी धरावी

वाटीला शेंड्यावर एकाच स्क्रूने धरतात आणि ही जागा भौतिकीच्या दृष्टीने अचूक आहे. वाजणाऱ्या वाटीची कड लंबवर्तुळासारखी आळीपाळीने दोन दिशांना ताणली जाते. कडेवर चार निस्पंद, म्हणजे न हलणारे, बिंदू असतात आणि शेंडा जवळजवळ स्थिर राहतो. म्हणून शेंड्यावर स्क्रू घट्ट पिळला तरी नाद बिघडत नाही. स्क्रू सैल असेल तर मात्र वाटी खुंटीवर नाचते आणि खणखणीत नादाऐवजी फुटका आवाज येतो. इथे रबर किंवा जाड चामडे घालण्याचा मोह टाळलेलाच बरा. त्यामुळे वाटी कलते, जुळवलेली फट बदलते आणि खडखडीचे मूळ कारण तसेच राहते. वाटी पूर्ण सममित नसेल तर तिच्यात दोन अगदी जवळच्या वारंवारता उमटतात आणि विरताना नाद हेलकावे घेतो. हा वाटीचा स्वभाव आहे. बैठक बदलून तो जात नाही.

लाकडी पेटीपासून बेकेलाइटपर्यंत

सुरुवातीच्या भिंतीवरच्या फोनमध्ये वाट्या लाकडी पेटीच्या बाहेर दर्शनी भागावर आणि यंत्रणा आत असे. पेटीचे लाकूड घंटीला जोर देत असे आणि फोनपासून दूर काम करणाऱ्या माणसाला तो हवाच होता. टेबलावरच्या उभ्या फोनची घंटीही वेगळ्या पेटीत भिंतीवर असायची, त्यामुळे खडखडीचा प्रश्न बोलणाऱ्याच्या हाताशी येत नसे.

घंटी फोनच्या पोटात आली आणि प्रश्न बदलला. ऑस्लो येथे जाँ हेइबर्ग यांनी आकार दिलेला १९३० च्या दशकारंभीचा बेकेलाइटचा फोन, १९३७ चा ब्रिटिश डाकखात्याचा ३३२ आणि त्याच वर्षीचा अमेरिकेतला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३०२ या तिन्हींत घंटी, डायल व क्रेडल एकाच कवचात एकत्र आले. आता हातोडीपासून रिसीव्हर काही सेंटिमीटरवर होता. हेन्री ड्रेफस यांच्या हातून घडलेला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५०० हा फोन १९४९-५० मध्ये आला तेव्हा घंटीचा नव्याने विचार झाला. तिचा एक सूर खालच्या पट्टीत ठेवून त्याला अनुनादकाची जोड दिली, कारण वय वाढले की उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. आवाज कमी-जास्त करण्याचे चाक तळाशी आले आणि घंटी रबरी बुशांवर बसली. नाद वाढवणे आणि खडखड कमी करणे ही दोन कामे या रचनेत वेगवेगळ्या भागांकडे सोपवली गेली, आणि घंटीच्या इतिहासातला हा सर्वांत समंजस निर्णय म्हणावा लागेल.

भारतात १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना सुरू झाला आणि त्याचे काळे, वजनदार फोन ब्रिटिश वळणाचे होते. मुंबई-पुण्याच्या घरांत आणि कचेऱ्यांत अनेक वर्षे हाच फोन दिसे. त्याचे वजन कंपनाच्या दृष्टीने फायद्याचे होते, कारण जड तळ कमी हलतो. पुढच्या हलक्या प्लास्टिकच्या फोनमध्ये पायांखालचे रबर अधिक महत्त्वाचे झाले.

डायल करताना होणारी किणकिण

एका लाइनवर पॅरलल फोन असेल तर एका खोलीत डायल फिरवला की दुसऱ्या खोलीतली घंटी बारीक किणकिणते. डायलचे सेकंदाला १० ठोके घंटीपर्यंत पोचतात म्हणून हे होते आणि रबराशी त्याचा संबंध नाही. आर्मेचरला एका बाजूला ओढून धरणारी हलकी स्प्रिंग हा त्यावरचा उपाय. लाइनच्या दोन तारा योग्य बाजूंना जोडल्या तर डायलचा ठोका आर्मेचरला आधीच टेकलेल्या बाजूलाच ढकलतो आणि हातोडी हलत नाही. तारा उलट जोडल्या गेल्या की किणकिण सुरू होते. स्प्रिंगचा ताण वाढवून ती थांबवता येते, पण मग लांबच्या लाइनवरचा अशक्त प्रवाह घंटी हलवू शकत नाही.

दुरुस्ती

जुना फोन खडखडत असेल तर आधी दोष कुठे आहे ते शोधावे. घंटी वाजत असताना दोन्ही वाट्या बोटांनी घट्ट धराव्यात. नाद बंद होतो आणि उरतो तो सगळा नको असलेला आवाज. मग दुसऱ्या माणसाने कवच, डायल, रिसीव्हर, पत्र्याची कड एकेक करून दाबून पाहावे. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे सैलपणा आहे. फोन उचलून जाड गादीवर ठेवताच खडखड गेली तर दोष टेबलाकडे किंवा फोनच्या पायांकडे असतो. घंटीच्या टर्मिनलवर वाजताना ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब असतो आणि त्याचा झटका चांगलाच बसतो, म्हणून उघड्या जोडांपासून बोटे दूर ठेवावीत.

वाट्यांमध्ये कापूस किंवा कागदाची घडी कोंबणे हा घरोघरी चालणारा उपाय रात्रीपुरता ठीक आहे. पण त्याने वाट्या गप्प होतात आणि खडखड तशीच राहते, म्हणजे नेमके उलटे घडते.

पन्नास-साठ वर्षांच्या फोनमध्ये बहुधा दोष रबराचा असतो. हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक होते, त्याला भेगा पडतात आणि नखाने दाबले तर खळगा पडत नाही. बदलताना मूळ बुशच्या जाडीचेच नवे घ्यावे. जाड बुश घातला तर घंटी वर उचलली जाऊन वाटी कवचाला लागते, आणि फार मऊ बुश घातला तर टोला मंदावतो. बुश बदलल्यावर सांगाड्याची जागा किंचित सरकलेली असते, म्हणून शेवटी वाट्यांचे स्क्रू सैल करून दोन्ही बाजूंची फट पुन्हा जुळवावी आणि मगच कवच लावावे.