हुमणीसाठी आणलेला भेक

उसाची मुळं कुरतडणारी हुमणी आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे जमिनीतून निघतात, रात्री कडुनिंब-बाभळीचा पाला खातात, मादी पुन्हा मातीत अंडी घालते आणि अळ्या मुळांना लागतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊसवाल्यांनाही अशाच एका भुंगेऱ्याने हैराण केलं होतं. त्यावर तोड म्हणून १९३५ साली हवाई बेटांवरून शंभरेक केन टोड आणले गेले. हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, अंगापिंडाने थोराड भेक. त्यांची वीण करून त्याच वर्षी हजारो पिल्लं मोकळी सोडली.

हुमणी काही हटली नाही. अळी मातीत, भुंगेरा उसाच्या शेंड्याला नाहीतर झाडावर, आणि भेक मधल्या मधे जमिनीवर. गाठ पडणार कशी? भेक मात्र पसरला. एक मादी एका वेळी आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडी घालते.

त्याचं खरं हत्यार डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत असतं. तिथल्या विषातली बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं पेशींच्या आवरणावरचा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतात. या पंपावाचून हृदयाचे ठोके ताळ्यावर राहत नाहीत. विष अंड्यांतही असतं. ऑस्ट्रेलियात या कुळातला एकही देशी प्राणी नव्हता, त्यामुळे बेडूक समजून त्याला तोंडात धरणाऱ्या शिकाऱ्यांना हे विष सर्वस्वी अनोळखी होतं.

पहिला तडाखा मोठ्या शिकाऱ्यांना बसला. पिवळ्या ठिपक्यांची घोरपड काही ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक घटली. उत्तरी क्वोल, म्हणजे पोटाला पिशवी असलेला लहानखुरा ठिपकेदार शिकारी, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या मोठ्या भागातून नाहीसा झाला. काही नद्यांत गोड्या पाण्यातल्या मगरी मेल्या. पण हिशेब इतका सरळ नाही. घोरपडी कमी झाल्यावर, त्या ज्यांची अंडी फस्त करत त्या डुकरासारख्या नाकाच्या कासवांची घरटी वाचू लागली. अशा घडामोडीत मेलेल्यांची यादी करून भागत नाही. कोणाची जागा रिकामी झाली आणि त्यामुळे कोणाचं फावलं, हेही पाहावं लागतं.

उत्क्रांतीची गोष्ट सापांपाशी सुरू होते. साप भक्ष्य सबंध गिळतो, म्हणजे डोक्याच्या मापावर भेक किती मोठा गिळता येईल हे ठरतं. भेक मोठा तर विषही जास्त. याउलट सापाचं अंग मोठं असेल तर तेवढंच विष कमी बाधतं. म्हणजे डोकं लहान आणि अंग मोठं असलेला साप वाचण्याची शक्यता अधिक. २००४ साली बेन फिलिप्स आणि रिक शाइन या संशोधकांनी संग्रहालयांत जपलेले साप मोजले, तेव्हा लाल पोटाचा काळा साप आणि हिरवा झाडसाप या दोघांत नेमका हाच बदल दिसला: भेकाशी जितक्या वर्षांची गाठ, तितकं अंग मोठं आणि अंगाच्या मानाने डोकं लहान. कीलबॅक सापात तसा बदल नव्हता. आपल्या पाणदिवडीच्या नात्यातल्या या सापाचे पूर्वज आशियातून गेलेले, त्यामुळे त्याला हे विष फारसं बाधत नाही.

घोरपडींचंही तसंच. आशिया-आफ्रिकेतल्या घोरपडी भेकांच्या शेजारी वाढल्या. त्यांच्या त्या पंपाच्या प्रथिनातली मोजकी अमिनो आम्लं बदललेली आहेत आणि विष तिथे नीट चिकटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींकडे हे कवच नाही.

भेकही बदलत गेला. सुरुवातीला वर्षाला दहाएक किलोमीटर सरकणारी त्याच्या पसरण्याची आघाडी पुढे पन्नास किलोमीटरच्या पलीकडे गेली. कारण गमतीचं आहे. आघाडीवर पोचतात ते सर्वांत वेगवान, लांब पायांचे भेक. तिथे त्यांना जोडीदारही तसलेच मिळतात आणि पिल्लं आणखी वेगवान निपजतात. याची किंमतही आहे: आघाडीवरच्या मोठ्या भेकांच्या मणक्यांत संधिवात आढळतो.

उपाय शोधताना ही आघाडीच कळीची ठरली. नव्या मुलखात आधी पोचतात ते दांडगे प्रौढ भेक, म्हणजे शिकाऱ्याची पहिलीच गाठ जीवघेण्या मात्रेशी पडते. तीच जर बोटभर पिल्लाशी पडली, तर घोरपड आजारी पडते पण जगते, आणि पुन्हा भेकाच्या वाटेला जात नाही. म्हणून वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात आघाडी येण्याआधीच लहान भेक मुद्दाम घोरपडींपुढे ठेवले गेले. ज्यांना ही चव कळली होती त्या पुढे जास्त संख्येने तगल्या. क्वोलांसाठी भेकाच्या मांसात थायाबेंडाझोल हे जंतावरचं औषध घालतात. त्याने मळमळ होते आणि प्राणी त्या वासाचा धसका घेतो. अडचण अशी की क्वोलचे बहुतेक नर एका विणीच्या हंगामानंतर मरतात, त्यामुळे नव्या पिढीला पुन्हा शिकवावं लागतं.

क्वोलांना भेकच नसलेल्या बेटांवर हलवण्याचा मार्ग सोपा वाटला होता. २००३ साली असं केलंही, आणि तिथे ते भरभराटले. पण शिकारी नसलेल्या त्या बेटांवर अवघ्या १३ पिढ्यांत त्यांची भीतीच मोडली. त्यांच्या वंशजांना भेक टाळायला शिकवून परत काकाडूत सोडलं, तर डिंगो या तिथल्या रानकुत्र्यांनी त्यांना मारलं. एका धोक्यापासून लपवताना दुसऱ्याची सवय सुटली.

आणि ही ऑस्ट्रेलियापुरती गोष्ट नाही. पावसाळ्यात आपल्या अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसणाऱ्या भेकाचेच आशियाई भाऊबंद मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ आढळल्याची वार्ता २०१४ मध्ये आली. त्या बेटावरही या कुळातला देशी भेक नाही. तिथल्या ७७ प्रजातींच्या पंपाचा जनुक तपासला, तेव्हा या विषापासून बचाव असल्याची खूण फक्त एकीत सापडली: एका उंदरात.