माळ्यांची चटई आणि उघडं आभाळ

लंडनमधल्या एका डॉक्टरला माळ्यांचं हसू यायचं. रात्री गारठा पडणार असं दिसलं की ही माणसं कोवळ्या रोपांवर पातळशी चटई टाकायची. हवा गार असेल तर ती चटईखालीही गारच असणार, मग एवढ्याशा आडोशाने काय होणार, असं विल्यम चार्ल्स वेल्स यांना वाटायचं. पुढे त्यांनी स्वतःच बागेत रात्री जागून मोजमापं केली आणि 1814 च्या दवावरील निबंधात मोकळेपणाने लिहिलं, की ते हसू अर्धवट ज्ञानाच्या तोऱ्यातलं होतं.

त्यांचा एक प्रयोग तर कुणीही करून पाहावा असा. गवतात चार काड्या रोवल्या आणि गवतापासून सहा इंचांवर एक तलम रुमाल ताणून बांधला. चारही बाजू उघड्या, हवेला कुठेच अडसर नाही. तरीही रुमालाखालचं गवत शेजारच्या गवतापेक्षा काही अंशांनी उबदार निघालं.

म्हणजे गवताची ऊब हवा पळवत नव्हती, आभाळ पळवत होतं. पान, माती, आपण, सगळेच अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने सतत उष्णता बाहेर टाकत असतो. दिवसा सूर्य ती भरून देतो. रात्री ढग असले तर त्यांच्याकडून बरीचशी परत येते. पण निरभ्र, कोरड्या, वारा पडलेल्या रात्री पानाची उष्णता वर जाते ती जातेच, आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. रुमाल मध्ये आला की पानाला आभाळ दिसत नाही, रुमाल दिसतो. आणि तो आभाळापेक्षा कितीतरी उबदार असतो.

मोबाइलवरचं तापमान फसवतं ते इथेच. तो आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटरवरच्या हवेचा. तिथे 3 अंश असताना जमिनीलगतचं पान शून्याखाली गेलेलं असू शकतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपावर दव गोठतं, तेव्हा गावातलं तापमान शून्याच्या बरंच वर असतं, त्यातलं गूढही हेच.

जर्मनीत 11 ते 15 मे या दिवसांना ‘हिमसंत’ म्हणतात. शेवटच्या दिवसाची संत म्हणजे ‘थंड सोफी’. ती गेल्याशिवाय टोमॅटोची रोपं बाहेर लावायची नाहीत, असा तिथला जुना रिवाज. एप्रिलच्या उन्हाला भुलून कुंड्या गॅलरीत मांडणाऱ्या, तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तो पाळलेला बरा.

लावलीच असतील, तर जुनी चादर किंवा गोणपाट सूर्य मावळायच्या आधी घालावं, जमिनीत साठलेली ऊब उडून जाण्यापूर्वी. कापड जमिनीपर्यंत सोडायचं. पुष्कळजण ते खोडाभोवती गुंडाळून बांधतात. मग खालून येणारी ऊब बाहेरच राहते. दुपारी पाणी द्यावं, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरते. पातळ प्लॅस्टिकवर माझा भरवसा नाही: पॉलिथीनमधून अवरक्त किरण बरेचसे आरपार जातात, आणि ते जिथे पानाला चिकटतं तिथेच पान गोठतं. सकाळी ऊन आलं की आच्छादन काढायचं.

युरोप-अमेरिकेतले काही बागायतदार याउलट झाडांवर रात्रभर पाणी फवारतात. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 80 कॅलरी उष्णता सोडतं. गोठणं चालू आहे तोवर बर्फाच्या कवचातली कळी शून्याच्या आसपास टिकून राहते. पण पंप मध्येच बंद पडला तर बाष्पीभवन त्याच्या सातपट उष्णता ओढून घेतं. घरच्या बागेत हा जुगार नको.

निफाडकडे हिवाळ्यात द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. तिथे धुराचं कौतुक फार होतं. खरं काम आगीची ऊब करते, धुराचे बारीक कण अवरक्त किरणांना फारसे अडवत नाहीत. शेकोट्या मात्र लहान आणि पुष्कळ हव्यात. अशा रात्री काही मीटर वर तुलनेने उबदार हवेचा थर असतो. एकच मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा तो थर भेदून निघून जाते.

बोचरा वारा सुटला असेल, तर मात्र रोपाची ऊब हवाच पळवत असते. तेव्हा वेल्स यांचा रुमाल कामाचा नाही. कुंड्या उचलून घरात घ्यायच्या.