बाष्पोच्छ्वास आणि बिंदुस्राव: अळूच्या टोकावरचा थेंब कुठून येतो?

पहाटे अळूच्या टोकाला लोंबणारा थेंब दव म्हणून खपून जातो. दव पडलं असतं तर ते शेजारच्या कुंपणाच्या तारेवरही दिसलं असतं. हा थेंब फक्त टोकाला येतो आणि बोटाने टिपला तरी थोड्या वेळाने तिथेच पुन्हा धरतो. हा बिंदुस्राव, झाडाच्या आतलंच पाणी.

दिवसा झाड पाणी सोडतं ते वाफेच्या रूपात. तो बाष्पोच्छ्वास. त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास पाणी पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून जातं, थोडं पानावरच्या मेणचट थरातून, आणि खोडाच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे वातरंध्रांतून अगदीच नगण्य. पर्णरंध्रांना रक्षकपेशी असतात, पाणी कमी पडलं की त्या रंध्र मिटतात. पानाच्या कडेला, शिर संपते तिथल्या पाणी बाहेर सोडणाऱ्या छिद्राला, म्हणजे जलरंध्राला मात्र मिटताच येत नाही. रात्री पर्णरंध्रं बंद, हवा दमट आणि माती ओली असली की मुळं पाणी घेतच राहतात, दाब साठतो आणि पाणी जलरंध्रातून बाहेर येतं. दिवसा पाणी वरून ओढलं जातं, रात्री खालून रेटलं जातं. हा रेटा उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून थेंब दिसतात ते गवत, टोमॅटो, स्ट्रॉबेरी आणि मक्याच्या कोवळ्या रोपांवर.

वाफ शुद्ध पाण्याची, थेंबात मात्र क्षार आणि थोडी साखरही. थेंब वाळला की पांढरट डाग उरतो. खत जास्त झालं असेल तर हेच क्षार टोकाला साठून पानाचं टोक करपतं, आणि आपण रोग समजून फवारणी करत बसतो. खरा रोगही याच वाटेने शिरतो: कोबीच्या घाण्या रोगाचे जिवाणू कडेच्या थेंबातून जलरंध्रात जातात, म्हणून पिवळा डाग कडेपासून आत इंग्रजी ‘व्ही’सारखा निमुळता होत जातो. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड लावलेल्या मक्याच्या थेंबात ते कीटकनाशक उतरतं, मधमाशीला मारण्याइतकं.

कुंडीतल्या सिंगोनियमखाली सकाळी ओल दिसली तर घाबरू नका. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला, थेंब कमी होतील.

बाष्पोच्छ्वास पाहायचा तर उन्हात एका फांदीवर कोरडी पारदर्शक पिशवी बांधा. तासा-दोन तासांत आतून धुकं धरतं. संपूर्ण कुंडीच पिशवीत घातली तर मातीतली वाफही त्यात मिसळते आणि प्रयोग फसतो. शेजारी पानं काढलेल्या फांदीवरही तशीच पिशवी बांधा. तिच्यात जेमतेम ओल दिसेल, खोडाचा वाटा तेवढाच.