पिलार : एका स्पॅनिश नावाची पार्श्वभूमी

गोव्यातील पिलारच्या टेकडीला ते नाव १६१३ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या फ्रान्सिस्कन मठामुळे आणि त्या मठात स्पेनहून आणलेल्या, ‘पिलार’ नावाने पुजल्या जाणाऱ्या मरियामातेच्या मूर्तीमुळे मिळाले. पोर्तुगिजांच्या ताब्यातील प्रदेशात स्पेनमधील दैवत कसे आले, याचे उत्तर त्या काळच्या राजकारणात आहे, कारण १५८० ते १६४० या काळात दोन्ही देशांवर एकाच राजाची सत्ता होती. मूळ देवस्थान मात्र आरागोन प्रांतात, एब्रो नदीकाठच्या सारागोसा शहरात आहे, आणि स्पॅनिश घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुलींना ठेवले गेलेले ‘पिलार’ हे नाव तिथलेच.

‘पिलार’ म्हणजे खांब. हा शब्द स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी असूनही नाव मुलीचे होते, कारण पूर्ण नाव ‘मारिया देल पिलार’, म्हणजे खांबावरची मारिया, असे असते. दोलोरेस, मेर्सेदेस, रोसारिओ, सोलेदाद ही नावेही याच रीतीने मरियामातेच्या एकेका रूपावरून आली आहेत. कागदोपत्री पूर्ण नाव आणि व्यवहारात त्याचा उत्तरार्ध, अशी ही पद्धत आहे. घरात त्याचे ‘पिली’ होते, ‘पिलुका’ होते किंवा दोन्ही शब्द जोडून ‘मापी’ होते.

श्रद्धा अशी की इसवी सन ४० मध्ये मरियामाता जेरुसलेममध्ये हयात असतानाच एब्रोच्या काठी निराश झालेल्या येशूच्या शिष्यासमोर, प्रेषित याकोबासमोर, प्रकट झाली आणि जास्पर दगडाचा एक खांब ठेवून गेली. या कथेचे लेखी रूप तेराव्या शतकाच्या अखेरचे आहे आणि खांबावरची लाकडी मूर्ती पंधराव्या शतकातली आहे. मूर्ती जेमतेम ३८ सेंटीमीटर उंचीची. खांबाला एरवी झगा नेसवलेला असतो. महिन्याच्या २, १२ आणि २० तारखेला तो काढतात. चॅपेलच्या मागच्या बाजूला खांबाचा थोडा भाग उघडा ठेवला आहे आणि भाविकांच्या चुंबनांनी तिथला दगड झिजून खळगा पडला आहे. मूर्तीच्या उंचीइतक्या लांबीच्या रंगीत फिती तिथे मिळतात आणि त्या शहरातल्या कित्येक मोटारींच्या आरशाला बांधलेल्या असतात.

खरा वाद आहे तो १२ ऑक्टोबर या तारखेचा. कोलंबस १४९२ मध्ये याच दिवशी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, म्हणून पिलारचा सण त्या दिवशी येतो, असा समज स्पेनमध्येही आढळतो. तो टिकणारा नाही. सारागोसात या तारखेचा सण १७२३ च्या आधीच रूढ होता आणि त्या वर्षी रोमने त्या दिवसाची खास उपासना मंजूर केली. उलट कोलंबसाच्या आगमनाचा दिवस सरकारी पातळीवर पाळण्याची कल्पना १८९२ मध्ये, चौथ्या शताब्दीच्या निमित्ताने, पुढे आली. दोन गोष्टींची सांगड नंतर घातली गेली, आणि ती जाणीवपूर्वक घातली गेली. १९०८ मध्ये स्पॅनिश भाषक अमेरिकी देशांचे ध्वज सारागोसाच्या बॅसिलिकेत अर्पण झाले, १९१३ मध्ये निमलष्करी पोलीस दलाने पिलारला आपली आश्रयदात्री मानले आणि १९१८ मध्ये कायद्याने १२ ऑक्टोबर हा राष्ट्रीय सण ठरला. एका प्रांताची माता अशा रीतीने अवघ्या दहा वर्षांत राष्ट्राचे प्रतीक झाली. हा बदल आरागोनच्या साध्या भक्तीवर अन्याय करणारा होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण त्यानंतर हे नाव उच्चारताना राजकारण टाळणे कठीण झाले.

स्पेनच्या यादवी युद्धात ते स्पष्ट दिसले. ३ ऑगस्ट १९३६ रोजी प्रजासत्ताकाच्या विमानातून बॅसिलिकेवर पडलेले बॉम्ब फुटले नाहीत; प्रजासत्ताकाविरुद्ध लढून पुढे विजयी झालेल्या फ्रँकोच्या पक्षाने त्याला चमत्कार म्हटले आणि दोन बॉम्ब आजही आत भिंतीला टांगलेले आहेत. फ्रँकोच्या पुढच्या हुकूमशाहीत मुलांची नावे कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेतली आणि ख्रिस्ती परंपरेतलीच असावीत असा दंडक होता. चाळीस-पन्नासच्या दशकांत ‘मारिया पिलार’ हे नाव अतिशय प्रचलित होते. त्यामागे भक्ती होती, आजीचे नाव चालवण्याची रीत होती आणि हा दंडकही होता.

लोकशाहीकडे वाटचाल सुरू झाल्यावर १९७७ च्या कायद्याने कातालान, बास्क आणि गालिसियन नावांची वाट मोकळी झाली. राष्ट्रीय दिन मात्र बदलला नाही. संविधानाला कौल मिळाला तो ६ डिसेंबर हा दिवस निवडावा, अशी मागणी होऊनही १९८७ च्या कायद्याने १२ ऑक्टोबरच कायम ठेवला. लॅटिन अमेरिकेत याच तारखेला आक्रमणाचा दिवस म्हणणाऱ्यांचा आक्षेप तर अजूनही आहे. दरम्यान नवजात मुलींमध्ये ‘पिलार’ हे नाव झपाट्याने मागे पडले असून ते धारण करणाऱ्या बहुतेक स्त्रिया आता उतारवयाच्या आहेत. तरुण पिढीत ते दिसते तेव्हा पुष्कळदा ‘मापी’सारख्या आखूड रूपात दिसते.