संगणकशास्त्र येतं की नाही, हे तपासायचं कसं?

दोन शहरांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधा. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हा प्रश्न झोपेतही सोडवतो. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 1956 साली त्याची रीत शोधली, 1959 साली ती छापून आली आणि पुढे जगभरच्या अभ्यासक्रमांत जाऊन बसली. आता प्रश्न थोडासाच बदलू. कोणत्याही शहरातून दुसऱ्यांदा न जाता, सगळ्यात लांबचा रस्ता शोधा.

वरवर पाहता यात नवीन काही नाही. प्रत्येक अंतराला उणे चिन्ह लावायचं आणि पुन्हा सगळ्यात छोटा रस्ता काढायचा, असं बरेच जण पटकन सुचवतात. गणित म्हणून त्यात चूक नाही. उणे केलेल्या अंतरांत जो सगळ्यात लहान, तोच मुळात सगळ्यात लांब. पण डायक्स्ट्राची रीत एका गृहीतावर उभी आहे: एखादं शहर एकदा कमीत कमी अंतरात गाठलं, की तिथे पोचायची त्याहून स्वस्त वाट पुढे निघणार नाही. अंतरं उणे झाली की हे गृहीतच कोसळतं. उणे अंतरं चालवून घेणाऱ्या दुसऱ्या रीतीही आहेत, पण वाटेत गोल फेरा आला की त्यांचाही निभाव लागत नाही. त्या फेऱ्यात नुसतं फिरत राहिलं तरी अंतर आणखी आणखी कमी होत जातं, आणि ‘दुसऱ्यांदा जायचं नाही’ ही अट पाळायची तर कुठून कुठून जाऊन आलो याची नोंद ठेवावी लागते. ही नोंदच शहरांच्या संख्येबरोबर भयानक वेगाने फुगते. सगळ्यात लांब रस्त्याचा हा प्रश्न ‘एनपी-हार्ड’ वर्गात मोडतो. त्याचं उत्तर झटपट देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि ती सापडलीच तर इतर हजारो अवघड प्रश्न त्याबरोबर सुटतील.

वरच्या वर्गात संगणकशास्त्राची परीक्षा घ्यायची तर असे प्रश्न हवेत. ‘डायक्स्ट्राच्या अल्गोरिदमला किती वेळ लागतो?’ असं विचारलं तर पाठांतर कळतं. ‘तो इथे का चालणार नाही?’ असं विचारलं की विद्यार्थ्याला गृहीतं ठाऊक आहेत की नुसत्या पायऱ्या, ते उघडं पडतं. या विषयात अशा जोड्या पैशाला पासरी आहेत. नकाशातल्या प्रत्येक रस्त्यावरून नेमकं एकदा जायचं हा प्रश्न सोपा आहे. लिओनार्ड ऑयलरने 1736 मध्येच त्याची किल्ली शोधली होती. प्रत्येक शहरातून नेमकं एकदा जायचं म्हटलं की तो एनपी-हार्ड होतो.

उत्तर माहीत असणं आणि ते बिनचूक लिहिता येणं यांत किती अंतर असतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे बायनरी सर्च. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी नोंद शोधायची तर आधी मधली नोंद पाहायची. हवी ती नोंद तिच्या आधी असेल तर पुढचा अर्धा भाग सोडून द्यायचा, नंतर असेल तर मागचा. वीस वेळा असं केलं की दहा लाखांच्या यादीतही नोंद सापडते. कल्पना शाळेतल्या मुलालाही समजते. तिचं पहिलं प्रसिद्ध वर्णन 1946 सालचं. पण यादी कितीही लांबीची असली तरी बरोबर चालेल असं रूप छापून यायला त्यानंतर दीडेक दशक लागलं.

संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी बेल लॅब्ज आणि आयबीएममधल्या व्यावसायिक प्रोग्रामरना हाच प्रश्न घातला. हाताशी दोनेक तास होते आणि भाषा आपल्या आवडीची निवडायची मुभा होती. सुमारे 90 टक्के लोकांच्या उत्तरांत बग, म्हणजे चुका, निघाले. कुठे लूप कधीच थांबत नव्हता, कुठे शेवटची नोंद सुटत होती, कुठे रिकाम्या यादीवर प्रोग्राम कोसळत होता. ही सगळी मंडळी रोज कोड लिहून पोट भरणारी.

खरी गंमत पुढे आहे. बेंटली यांनी स्वतःचं उत्तर नीट सिद्धता देऊन मांडलं होतं. त्यांच्याच वर्गात शिकलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी पुढे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीसाठी, म्हणजे तयार कोडच्या संचासाठी, बायनरी सर्च लिहिलं. 2006 साली ब्लॉक यांनीच जाहीर केलं की दोन्हींत बग आहे, आणि जावामधला बग सुमारे नऊ वर्षं तिथे नांदत होता. दोष होता मधली जागा काढण्यात. दोन्ही टोकांची बेरीज करून तिला दोनाने भागायचं, यात कुणाला काय खटकणार? पण यंत्रातल्या 32 बिटांच्या (शून्य-एकच्या 32 जागांत साठवलेल्या) चिन्हांकित पूर्णांकात 2147483647 पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादीत 107 कोटींहून जास्त नोंदी असतील तर ही बेरीज त्या मर्यादेबाहेर जाते, उणे होते आणि प्रोग्राम यादीतली उणे क्रमांकाची जागा शोधू लागतो. उपाय एका ओळीचा आहे: आधी दोन टोकांतला फरक काढायचा, त्याचा अर्धा करायचा आणि तो खालच्या टोकात मिळवायचा. बेंटली यांची सिद्धता चुकीची नव्हती. ती गणितातल्या पूर्णांकांबद्दल होती आणि प्रोग्राम चालत होता यंत्रातल्या पूर्णांकांवर.

मला विचाराल तर संगणकशास्त्र आणि त्याचं उपयोजन या दोन गोष्टी एकाच परीक्षेत का असाव्यात, याचं उत्तर या प्रसंगात आहे. अल्गोरिदमच्या प्रश्नपत्रिकेत हा बग सापडणार नाही आणि संगणकाच्या रचनेवरच्या प्रश्नपत्रिकेतही नाही. तो दोन्हींच्या सांध्यात बसलेला आहे. एक दशांश ही संख्या बायनरीत, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांत, नेमकी लिहिता येत नाही हे वाक्य सगळ्यांनाच पाठ असतं. 1991 साली सौदी अरेबियात दहरानजवळ शत्रूची क्षेपणास्त्रं पाडणारी पॅट्रिअट ही यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं आणि प्रत्येक वेळी एक दशांशाची शेपटी छाटली जायची. शंभर तासांत चूक साचली 0.34 सेकंद. येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापत होतं. यंत्रणेने आकाशातली भलतीच जागा पाहिली आणि 28 सैनिक मेले. चांगला परीक्षक यावर ‘एक दशांश बायनरीत लिहा’ असं विचारत नाही. तो यंत्रणेचं वर्णन देतो आणि विचारतो, ही किती तासांनी बंद करून पुन्हा चालू करावी?

हजारो उत्तरं तपासायची तर माणसं पुरत नाहीत. म्हणून प्रोग्रामनेच प्रोग्राम तपासावा ही कल्पना या विषयाइतकीच जुनी आहे. 1960 मध्येच अमेरिकेतल्या रेन्सेलर संस्थेत विद्यार्थ्यांचे प्रोग्राम यंत्राकडून तपासून घेतल्याची नोंद आहे. तेव्हा ते पंच कार्डांवर असत. आजही रीत तीच. ठरावीक इनपुट द्यायचं, आलेलं आउटपुट अपेक्षित उत्तराशी जुळवायचं आणि जितक्या टेस्ट केस पास होतील तितके गुण द्यायचे. हुशार विद्यार्थी मग टेस्ट केसचीच उत्तरं कोडमध्ये लिहून ठेवतो. म्हणून टेस्ट केस लपवाव्या लागतात.

त्या लपवल्या, वाढवल्या, तरी एक अडचण उरते, आणि ती तांत्रिक नाही. 1969 साली रोमला भरलेल्या परिषदेत डायक्स्ट्रा म्हणाले होते की चाचणीतून बग असल्याचं दिसतं, नसल्याचं नाही. मग बगच नाही असं खात्रीने सांगणारा परिपूर्ण परीक्षक प्रोग्राम लिहिता येईल का? येणार नाही, आणि याची सिद्धता आहे. समजा, असा परीक्षक आहे. कोणताही प्रोग्राम दिला की ‘हा कधीतरी थांबेल’ किंवा ‘हा कायम फिरत राहील’ असा अचूक निकाल तो देतो. आता एखादा खोडकर विद्यार्थी असा प्रोग्राम लिहितो की तो आधी परीक्षकाला स्वतःबद्दलच विचारतो आणि मिळालेल्या निकालाच्या बरोब्बर उलट वागतो. परीक्षक ‘थांबेल’ म्हणाला तर हा फिरत राहतो, ‘फिरत राहील’ म्हणाला तर थांबतो. म्हणजे परीक्षकाचा निकाल कोणताही असो, तो चुकलाच. या युक्तिवादाचं मूळ अ‍ॅलन ट्युरिंगच्या 1936 सालच्या निबंधात आहे. हेन्री गॉर्डन राईस यांनी 1953 मध्ये ते आणखी पुढे नेलं: प्रोग्राम काय करतो याबद्दलचा, ज्याचं उत्तर सगळ्याच प्रोग्रामना सारखं नाही असा, कुठलाही प्रश्न सरसकट यंत्राने सोडवता येत नाही. ‘या विद्यार्थ्याचा प्रोग्राम प्रत्येक यादी बरोबर लावतो का?’ हाही त्यातलाच. एखाद्या विशिष्ट प्रोग्रामची सिद्धता देता येते, पण सगळ्यांसाठी एकच यंत्र असू शकत नाही. आपल्याच परीक्षेला असलेली मर्यादा आपल्याच अभ्यासक्रमात प्रमेय म्हणून शिकवणारा दुसरा विषय निदान मला तरी माहीत नाही.

मग बहुपर्यायी प्रश्नांकडे वळावं लागतं. त्यांना नाकं मुरडायची पद्धत आहे, पण त्यांत विचार करण्याजोगं बरंच आहे. चार पर्याय, बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीला उणे एक तृतीयांश: या हिशेबात डोळे मिटून खुणा करणाऱ्याच्या हाती सरासरी शून्य येतं. पण एक पर्याय नक्की चूक आहे एवढं जरी कळलं, तरी उरलेल्या तिघांतून अंदाज करणाऱ्याला सरासरी एक नवमांश गुण मिळतो. काहींना हे नशिबावर गुण वाटल्यासारखं वाटतं. मला ते अर्धवट ज्ञानाचं अर्धवट मोल वाटतं. कसब लागतं ते चुकीचे पर्याय लिहायला. उगाच विचित्र पर्याय कुणी निवडत नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा गैरसमज असावा लागतो: लूप एकदा कमी मोजणारा, डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत सगळेच प्रोग्राम अडकणं) आणि उपासमार (एखाद्याचा नंबरच न लागणं) यांत गल्लत करणारा, सरासरी वेळ आणि जास्तीत जास्त वेळ एकच समजणारा. असा प्रश्न चुकला तर नेमकं काय चुकलं तेही कळतं.

संगणकावर घेतल्या जाणाऱ्या काही परीक्षांत तर उत्तरागणिक पुढचा प्रश्न बदलतो. उत्तर बरोबर आलं तर अवघड प्रश्न, चुकलं तर सोपा. हे बायनरी सर्चच आहे, फक्त यादीच्या जागी विद्यार्थ्याची कुवत आहे आणि यादीसारखी खात्री इथे नाही. येणारा चुकतो, न येणाऱ्याचा अंदाज लागतो. म्हणून एका उत्तरावरून अर्धा भाग फेकून देता येत नाही, शक्यता थोडी थोडी सरकवावी लागते. डेन्मार्कच्या गेओर्ग राश यांनी 1960 मध्ये मांडलेल्या गणिती नमुन्यानुसार, विद्यार्थ्याला बरोबर सोडवता येण्याची शक्यता 50 टक्के असते तोच प्रश्न त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती देतो. सगळेच सोडवतात किंवा कुणालाच सुटत नाही, अशा प्रश्नातून काहीच मोजलं जात नाही.

गेल्या काही वर्षांत परीक्षार्थींमध्ये यंत्रंही आली आहेत. 2020 साली भाषा-मॉडेल, म्हणजे प्रचंड मजकुरावरून भाषा शिकलेले प्रोग्राम, तपासण्यासाठी 57 विषयांची एक बहुपर्यायी चाचणी तयार झाली. तिच्यात महाविद्यालयीन पातळीचं संगणकशास्त्रही आहे. त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या मॉडेलला एकूण 44 टक्क्यांच्या आसपास गुण मिळाले. थोड्याच वर्षांत मॉडेलं 85 टक्क्यांच्या पुढे गेली. त्यांना विषय आला का? सांगणं अवघड आहे, कारण हे प्रश्न इंटरनेटवर पडलेले आहेत आणि मॉडेलं इंटरनेट वाचूनच घडतात. पेपर फुटलेला असताना मिळालेल्या गुणांचं काय करायचं, हा परीक्षकांचा जुना पेच नव्या कपड्यांत परत आला आहे.

कोड लिहिण्याची चाचणी तयार करणाऱ्यांनी म्हणूनच सावधगिरी बाळगली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ह्यूमनइव्हॅल’ या संचात 164 प्रश्न आहेत, आणि ते मुद्दाम हाताने नव्याने लिहिले गेले. त्या वेळी कोडेक्स या मॉडेलने पहिल्या प्रयत्नात 28.8 टक्के प्रश्न सोडवले. पण प्रत्येक प्रश्नामागे सरासरी आठाच्या आतच टेस्ट केस होत्या. 2023 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्या सुमारे 80 पटींनी वाढवल्या. रिकामी यादी, उणे संख्या, प्रचंड मोठी संख्या, एकसारख्या नोंदी असं सगळं त्यांत आलं. आधी उत्तीर्ण ठरलेली बरीच उत्तरं नापास झाली, मॉडेलांचे गुण घसरले आणि काहींचा आपसांतला क्रमही बदलला. शिवाय, मूळ संचासोबत दिलेल्या माणसांनी लिहिलेल्या नमुना उत्तरांपैकीही काही चुकीची निघाली.