घाट चढताना हीटर गरम, उतरताना गार!

डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात सकाळी कुठल्याही सोसायटीत बघा, एक तरी गाडी नुसती चालू करून ठेवलेली असते आणि मालक वर चहा पीत असतो. विचारलं तर म्हणणार, गाडी गरम करायला लावलीय. ही सवय जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग) गाड्यांची, गार इंजिन चालू करायला चोकची दांडी ओढायच्या जमान्यातली; कार्ब्युरेटर गेले पण सवय काय जात नाय.

बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या हीटरला गीझरसारखी वेगळी कॉइल नसते. डॅशबोर्डच्या मागं एक छोटा रेडिएटर असतो, त्यातनं इंजिनचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) फिरतं आणि ब्लोअर त्यावरनं हवा मारतो, बास. इंजिन गार तर हीटर गार. आणि इंजिन तापायचं तर आत इंधन जळायला पाहिजे, उभ्या गाडीत ते जळतंच किती?

अंदाजे हिशोब मांडू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट विजेएवढी ऊर्जा असते, त्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा कूलंटला मिळतो, बाकीची बरीचशी सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेल्यावर गाडी पळते. छोटी गाडी आयडलवर, म्हणजे जागेवर नुसती चालू असताना, तासाला पाऊण लिटरच्या आसपास पिते असं धरा, म्हणजे कूलंटला तासाला 2 युनिटच्या जवळपास, म्हणजे आपला बाथरूममधला 2 किलोवॉटचा गीझर. आणि त्यानं तापवायचं काय, तर चार-पाच लिटर कूलंट अन् शंभरेक किलो लोखंड-अ‍ॅल्युमिनियम, ते पण 10-12 अंशांपासून 85-90 पर्यंत!

आता तीच गाडी वाईतून पसरणी घाटात घाला. पाचगणीपर्यंत साधारण 600 मीटरचा चढ. माणसांसकट 1100 किलोची गाडी तेवढी वर न्यायलाच 1.8 युनिट काम लागतं आणि जवळपास तेवढीच उष्णता कूलंटला पण मिळते, म्हणजे जे आयडलवर तासाभरात होतं ते अर्ध्या तासाच्या आत झालं. पाचगणी यायच्या आधीच जॅकेट काढावं लागतं.

उलटं करून बघा. पाचगणीत मुक्काम केला, सकाळी गारठलेली गाडी काढली आणि थेट घाट उतरायला लागलात. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्शनवाल्या (कार्ब्युरेटर नसलेल्या नव्या) गाड्यांत बऱ्याचदा पेट्रोल पूर्ण बंद होतं, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, जळतच काही नाही तर तापणार कसं. वाई येईस्तोवर हीटर कोमटच, आणि आपण समजतो हीटर बिघडला. (म्हणून न्यूट्रल करून उतरू नका हां, इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमधलं इंजिन गाडीला रोखून धरतं ते, जातं.)

डिझेल गाडी अजून आळशी. आयडलला डिझेल थोडंच जळतं आणि हवा मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त आत जाते, ती उष्णता घेऊन बाहेर पडते. म्हणून काही डिझेल गाड्यांत जोडीला विजेवरचा हीटर देतात.

मग करायचं काय, तर स्टार्ट करून अर्धा-एक मिनिट थांबा आणि हळू निघा, रेस करू नका कारण ऑइल अजून घट्ट असतं आणि ते कूलंटच्या मागनं तापतं. डॅशबोर्डवरचा इंजिनच्या तापमानाचा काटा थोडा वर आला की मग ब्लोअर लावा.

एवढं करून पण चांगलं दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवून काटा खालीच असेल तर थर्मोस्टॅट वॉल (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) बघा. त्यात मेण असतं, साधारण 82-88 अंशांना ते वितळून फुगतं, पिन ढकलतं आणि मगच कूलंट पुढच्या मोठ्या रेडिएटरकडं जातं. तो उघडाच अडकला तर गार कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत बसतं. आणि आपल्याकडं एक भारी पद्धत आहे, गाडी एकदा ओव्हरहीट झाली की काही मेकॅनिक तो वॉल काढूनच टाकतात, "इकडं गरज नाय त्याची" म्हणून. मग थंडीत हीटर चालत नाही आणि ॲव्हरेज पण पडतं. ओळखायचं सोपं आहे: गार गाडी स्टार्ट करा, दोन-चार मिनिटांनी फॅनपासून हात लांब ठेवून रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) चाचपा. तो गार असला तर वॉल बंद आहे, म्हणजे ठीक, पण काटा अजून तळालाच असताना होज हळूहळू कोमट होत चालला असेल तर वॉल उघडा अडकलाय किंवा कुणीतरी आधीच काढून टाकलाय.